मुलांच्या वॉर्डातलं शिक्षण मुलांच्या वॉर्डातच द्या : नर्सिंग महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई आणि परिसरातल्या नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य, मुलांचे वॉर्ड असलेल्या रुग्णालयांच्या मेट्रन आणि विद्यापीठाच्या नर्सिंग अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,

सस्नेह नमस्कार.

बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या पोस्टिंगचे नवे तक्ते आमच्या वॉर्डांत येऊन लागले आहेत. काही महाविद्यालयांनी मुलांच्या वॉर्डातले आठवडे निम्म्यावर आणले आहेत आणि उरलेले तास स्किल लॅब (बाहुल्यांवर सराव करायची महाविद्यालयातली खोली), शाळांमधली आरोग्य तपासणी आणि लसीकरण शिबिरं यांत दाखवायचं ठरवलं आहे. कारण सांगितलं जातं ते एकच : खाटा मिळत नाहीत.

आम्ही या शहरातल्या मुलांच्या वॉर्डांत काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. आज आमच्याकडे शिकणाऱ्या मुली-मुलं वर्ष-दीड वर्षात आमच्याच बरोबर रात्रपाळीला येतील. तिसऱ्या खाटेवरच्या बाळाचं सलाईन त्यांच्या भरवशावर सोडून आम्हाला सातव्या खाटेकडे धावावं लागेल. त्यामुळे हे तक्ते आम्हाला मान्य नाहीत. हे पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण त्या खाटांवर ज्यांची मुलं असतात त्या आईबापांनाही हे कळायला हवं.

आधी तासांचा हिशेब. भारतीय परिचर्या परिषदेच्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमात बालआरोग्य परिचर्येला दोन सत्रांत मिळून वॉर्डातले २४० तास आहेत, पाचव्यात १६० आणि सहाव्यात ८०. आठवड्याला ३० तास धरले तर हे आठ आठवडे होतात. स्किल लॅबचे ४० तास त्याच अभ्यासक्रमात वेगळे दिलेले आहेत. म्हणजे लॅबचे तास एकदा मोजून झालेत. तेच पुन्हा वॉर्डाच्या खात्यावर टाकणं हा दुहेरी हिशेब आहे. ब्रिटनमध्ये मुलांचं नर्सिंग ही पहिल्या दिवसापासून वेगळी शाखा असते. तिथल्या पदवीच्या ४६०० तासांपैकी निम्मे प्रत्यक्ष कामाचे असतात. आम्ही तेवढं मागत नाही. आपल्याकडे एकाच पदवीत सगळं शिकायचं असतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जे २४० लिहिलेत ते तरी पूर्ण द्या.

आजही ते पूर्ण मिळत नाहीत, ही दुसरी गोष्ट. महाविद्यालयाची बस कल्याणहून, वसईहून किंवा पनवेलकडून निघते आणि परळ-शीवला पोचेपर्यंत नऊ वाजतात. सकाळी सात-साडेसातची ओव्हर, म्हणजे रात्रपाळीने सकाळपाळीला रुग्णांची माहिती देणं, तोपर्यंत होऊन गेलेली असते. रात्री कोणाला झटका आला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाच्या सलाईनचा हात सुजला, हे सगळं त्या दहा मिनिटांत सांगितलं जातं. सकाळची वजनं झालेली असतात, आठची इंजेक्शनं देऊन झालेली असतात, राउंड निम्मा उरकलेला असतो. विद्यार्थी येतात, केस पेपरवरून निदान उतरवून घेतात, दोन-तीन जणांचा ताप घेतात आणि साडेबाराला परतीच्या बसला लागतात. वहीत मात्र सहा तास भरतात. केस बुकातला केअर प्लॅन गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेला असतो. हे आम्हाला वाचताक्षणी कळतं, कारण त्यातल्या बाळाचं वजन आणि औषधाचा डोस यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. आणि तरीही त्यावर सही होते. त्या सह्यांत आमच्यातल्याही काहींच्या सह्या आहेत. यापुढे काम झालेलं नसेल तर त्या होणार नाहीत.

आता औषधांच्या गणिताबद्दल. आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

मोठ्या माणसाच्या वॉर्डात एक गोळी म्हणजे एक गोळी. मुलांच्या वॉर्डात प्रत्येक डोस वजनावर. दोन किलोच्या बाळाला अमिकासिन हे अँटिबायोटिक १५ मिग्रॅ प्रति किलो द्यायचं ठरलं तर डोस होतो ३० मिग्रॅ. वॉर्डात दोन प्रकारच्या कुप्या असतात : एकीत २ मिलिमध्ये १०० मिग्रॅ, दुसरीत २ मिलिमध्ये ५०० मिग्रॅ. पहिलीतून ०.६ मिलि काढायचं, दुसरीतून ०.१२ मिलि. दोन्ही कुप्यांचं पाणी सारखंच दिसतं, आकारही जवळपास सारखा. ‘अमिकासिन म्हणजे ०.६’ असं पाठ केलेल्या विद्यार्थिनीच्या हातात दुसरी कुपी आली की बाळाला १५० मिग्रॅ जातं, पाचपट. या औषधाचा जादा डोस मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतो. ऐकू कमी येतंय हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत कित्येक महिने उलटलेले असतात, आणि तोवर त्या इंजेक्शनशी त्याचा संबंध जोडायला कोणी उरलेलं नसतं. शिवाय ०.१२ मिलि पाच मिलिच्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही. त्याला एक मिलिचीच सिरिंज लागते. हे पुस्तकात एका ओळीत येतं. हाताला कळायचं तर ती सिरिंज हातात घेऊनच कळतं.

सलाईनचंही तसंच. १२ किलोच्या मुलाला दिवसभराचं नेहमीचं पाणी किती? पहिल्या दहा किलोला किलोमागे १०० मिलि, पुढच्या दहाला किलोमागे ५० मिलि. म्हणजे १००० अधिक १००, एकूण ११०० मिलि. तासाला साधारण ४६. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलि, म्हणून तासाला जेवढे मिलि तेवढेच मिनिटाला थेंब : ४६. साध्या सेटमध्ये मात्र २० थेंबांचा एक मिलि असतो. त्याच ४६ थेंबांनी साधा सेट सोडला तर तासाला १३८ मिलि जातात आणि दिवसाचं पाणी आठ तासांत संपतं. लहान मुलाचं हृदय आणि फुप्फुसं हा भार पेलू शकत नाहीत. सलाईनमध्ये मीठ कमी असेल तर रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते आणि मूल झटके द्यायला लागतं. साध्या सेटवर इथे मिनिटाला १५ थेंब हवेत. म्हणूनच मुलांना शक्यतो पिडिया ड्रिप, म्हणजे मध्ये मापाचं चेंबर असलेली सलाईनची नळी, लावायची आणि तिच्या चेंबरमध्ये एका वेळी तासा-दोन तासांचंच पाणी भरायचं. मग चाक सैल झालं तरी सगळी बाटली अंगात जात नाही. चेंबर पूर्ण भरून ‘सारखं उठायला नको’ म्हणणाऱ्या नव्या सिस्टर आम्ही पाहतो. त्यांचा हेतू वाईट नसतो. चेंबर कशासाठी आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

परीक्षेत हे गणित येतं, पण पाच-दहा गुणांचं, आणि ते सोडूनही पास होता येतं. आमच्या मते मुलांच्या वॉर्डात पाऊल टाकण्याआधी अशी दहा गणितं द्यावीत आणि दहापैकी दहा बरोबर येईपर्यंत परत परत द्यावीत. इथे ३५ टक्क्यांना, ५० टक्क्यांना काही अर्थ नाही. दहात एक चूक म्हणजे दहातल्या एका मुलाला चुकीचा डोस.

स्किल लॅबला आमचा विरोध नाही. बाहुलीवर श्वास द्यायचा सराव जरूर करावा. नवजात बाळाला मिनिटाला ४० ते ६० श्वास आणि गरज पडली तर छातीवर तीन दाब-एक श्वास, मोठ्या मुलाला दोघं असतील तर पंधरा दाब-दोन श्वास, हा ताल बाहुलीवरच बसतो. पण बाहुली रडत नाही, लाथ मारत नाही, अनोळखी माणूस पाहून आईच्या पदरात तोंड लपवत नाही. श्वास मोजण्याचंच बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण ते मोजायचे कधी? बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून, पोटाची हालचाल बघत, पूर्ण एक मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. आणि आधी श्वास, मग नाडी, ताप सर्वांत शेवटी. थर्मामीटर आधी काखेत घातला की बाळ रडायला लागतं आणि पुढचा प्रत्येक आकडा खोटा येतो. विद्यार्थी हमखास उलट्या क्रमाने करतात, कारण मोठ्या माणसांच्या वॉर्डातला तक्ता तापापासून सुरू होतो. रडत्या बाळाचे ६४ श्वास लिहिले की रेसिडेंट डॉक्टर धावत येतात. उलट, दमून गप्प पडलेल्या बाळाचे ३८ लिहिले आणि छातीत पडणारे खड्डे पाहिलेच नाहीत, तर कोणीच येत नाही. हे शिकायला आजारी मूल समोर लागतं. शाळा तपासणीतली आणि लसीकरण शिबिरातली मुलं सुदृढ असतात. तिथला अनुभवही हवा, पण तो याच्याऐवजी नको.

साहित्याबद्दल थोडक्यात : मुलांच्या मापाचे बीपी कफ बऱ्याच लॅबमध्ये नाहीत आणि काही वॉर्डांतही नाहीत. कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. मोठ्यांचा कफ गुंडाळला तर बीपी खोटं कमी येतं, फार लहान कफने खोटं जास्त. किमान तीन मापं ठेवा. त्याला फार खर्च येत नाही.

गर्दीकडे येऊ. एकाच वॉर्डात एकाच दिवशी तीन-तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी येतात. विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असं प्रमाण ठरलेलं असताना, कधीकधी एका खाटेभोवती सहा-सात जण उभे असतात. दम लागलेल्या बाळाच्या छातीला सकाळभरात दहा हात लागतात, त्यातले किती धुतलेले असतील ते तुम्हीच ठरवा. आई वैतागते, आणि तिचं बरोबरच असतं. इन्स्ट्रक्टर एक असतो, तोही कधी महाविद्यालयात लेक्चर घ्यायला गेलेला. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर पाळलेलं दिसतं. पण तो शिक्षक त्या वेळी वॉर्डात असावा, असं कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय मानसोपचार किंवा कम्युनिटीत एम.एस्सी. केलेल्या शिक्षकाला मुलांच्या वॉर्डात पाठवलं जातं. त्यांच्या विषयात ते उत्तम असतील, पण २४ नंबरचा पिवळा कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) तान्ह्याच्या हातावर कसा बसवायचा, खाली फळी कशी बांधायची आणि बोटं उघडी का ठेवायची, हे ज्याने केलंय तोच दाखवू शकतो. बोटं झाकली तर ती निळी पडलेली दिसत नाहीत, हे कारण एकदा समजलं की कोणी विसरत नाही.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तर विद्यार्थी काचेबाहेर उभे राहतात. त्यामागचं कारण आम्हाला मान्य आहे : दहा जणांना आत सोडणं धोक्याचंच. पण दोघा-दोघांना आत घेता येतं. घड्याळ, अंगठ्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, एका सिस्टरबरोबर पूर्ण पाळी, एका बाळापाशी. तेवढ्यात एक जण नळीने दूध देणं नीट शिकतो. नाकातून घालायची नळी आधी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचं हाड व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजायची, तिथे खूण करायची, जागा तपासायची, प्रत्येक फीडआधी आधीचं दूध किती उरलंय ते पाहायचं, आणि मग सिरिंजचा दट्ट्या काढून दूध आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकलायचं नाही. घाईत ढकललेलं दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. २०२१च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतरही किती विद्यार्थ्यांना ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि धूर झाला तर कोणतं बाळ कोणत्या दाराने न्यायचं, हे दाखवलं जातं? पहिल्या दिवशीची वीस मिनिटं त्याला पुरतात.

एक गोष्ट बहुतेक तक्त्यांत नसतेच : डिस्चार्जच्या वेळी आईशी बोलणं. मुंबईत ते मराठीत, हिंदीत, कधी मोडक्या भोजपुरीत करावं लागतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात आणि संपूर्ण टाकायची असते. घरी मात्र ती अर्धी एका ग्लासात टाकली जाते, कारण लिटरभर पाणी मूल पिणार नाही असं वाटतं. ते पाणी इतकं खारट होतं की सोडियम वाढून मूल आणखी बिघडतं. लिटर नको असेल तर २०० मिलिची छोटी पुडी सांगा. चमच्याने द्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू द्या, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या, आणि जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण करा. पॅरासिटामॉलचंही असंच : ड्रॉप्समध्ये एका मिलित १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये साधारण पाच मिलित १२५ मिग्रॅ. ‘एक चमचा द्या’ एवढंच सांगितलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली असेल, तर आठ किलोच्या बाळाला १२०च्या जागी ५०० मिग्रॅ जातं. म्हणून आईला सांगून थांबायचं नाही. बाटली तिच्या हातात देऊन तिलाच मोजून दाखवायला लावायचं. आठवडाभरात प्रत्येक विद्यार्थ्याने असे पाच डिस्चार्ज इन्चार्ज सिस्टरच्या समोर केले पाहिजेत.

खाटा नाहीत हे कारण आम्ही अर्धंच मानतो. १९२९ पासून परळला केवळ मुलांसाठी वाडिया रुग्णालय असलेलं हे शहर. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. केईएम, नायर, जे.जे., कूपर आहेत, उपनगरांत महापालिकेची रुग्णालयं आहेत. खाटा आहेत, सगळ्यांचे तक्ते एकाच महिन्यात, एकाच पाळीत, सोमवार ते शुक्रवार सकाळी येतात, म्हणून त्या पुरत नाहीत. दुपारची पाळी रिकामी असते. रविवार रिकामा असतो. मुलांना ताप संध्याकाळी चढतो आणि दम रात्री लागतो, तेव्हा तर शिकायला एकही विद्यार्थी नसतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

मुलांच्या वॉर्डातले २४० तास मुलांच्या वॉर्डातच पूर्ण करून घ्या. लॅब, शाळा आणि शिबिरं यांचे तास वेगळे दाखवा. हजेरी वॉर्डात, ओव्हरच्या वेळी लागावी आणि तिच्यावर पाळीच्या सिस्टरची सही असावी. बसने येऊन सात वाजता पोचणं शक्य नसेल तर दुपारची पाळी द्या; तिथेही ओव्हर असते.

एका वॉर्डात एका पाळीला एकच महाविद्यालय. त्यासाठी सगळ्या महाविद्यालयांनी आणि मेट्रन कार्यालयांनी सत्र सुरू होण्याआधी एकत्र बसून एकच तक्ता करावा. आमच्यातले लोक त्या बैठकीला येतील आणि कोणत्या पाळीत किती विद्यार्थी सामावतात ते वॉर्डवार सांगतील.

दहा विद्यार्थ्यांमागचा इन्स्ट्रक्टर पाळीभर वॉर्डात हवा, आणि त्याने मुलांच्या वॉर्डात काम केलेलं हवं.

गणिताची चाचणी दहापैकी दहा आल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हातात औषधाची सिरिंज देऊ नये. ही अट विद्यापीठाने लॉगबुकात छापावी, म्हणजे ती एखाद्या प्राचार्यांच्या मर्जीवर राहणार नाही.

एनआयसीयूत दोघा-दोघांची पाळी, आगीच्या वेळचा रस्ता पहिल्याच दिवशी, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मेजावरच्या ट्रेऐवजी खऱ्या मुलाचे श्वास मोजणं आणि त्याच्या आईला समजावणं यावर गुण.

शेवटचं विद्यार्थ्यांसाठी : नमुने लॅबला पोचवणं आणि फार्मसीतून औषधं आणणं यात त्यांचे तास घालवू नका. वॉर्डात माणसं कमी आहेत ही आमची रोजची अडचण आहे आणि त्याबद्दल आम्ही प्रशासनाशी वेगळे भांडतोच आहोत. शिकायला आलेल्यांनी ती भरून काढायची नाही.

पाचव्या सत्राचं पोस्टिंग सुरू होण्याआधी सुधारलेला तक्ता प्रत्येक वॉर्डाच्या फलकावर लावावा. तो लागेपर्यंत, प्रत्यक्ष न झालेल्या तासांवर आम्ही सही करणार नाही, आणि तसं त्या त्या वहीत लिहूनही देऊ.

आपले,
मुलांच्या वॉर्डांत काम करणारे सिस्टर, ब्रदर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर
मुंबई